रोटातली गोळी

बन्सीलाल पाटलांनी आयुष्यात दोनच वेळा कुणाच्या पायावर डोकं ठेवलं. पहिल्यांदा पंचायत समितीच्या तिकिटासाठी, आणि ते काही मिळालं नाही. दुसऱ्यांदा या श्रावणात, कानबाई उठायच्या, म्हणजे देवीच्या विसर्जनाच्या, सोमवारी सकाळी, ब्राह्मणपुरीच्या भर गल्लीत, स्वतःच्या नातीच्या. या वेळी फळ हातोहात मिळालं आणि सगळी पंचाईत तिथूनच सुरू झाली.

नात म्हणजे नवनीतची चेतना. ती त्या वेळी गल्लीत आडवी पडून झटके देत होती. तिला फिट आली होती. हे घरातल्या चार माणसांना पक्कं ठाऊक होतं. आजोबा बन्सीलाल, आजी बेबीबाई, वडील नवनीत आणि आई रुपा. बाकी गल्लीला वाटलं, कानबाई अंगात आली. बन्सीलालांना ताबडतोब गल्लीचं म्हणणं पटलं, कारण कोपऱ्यावर पांढऱ्या गाडीला टेकून तळोद्याचे पाहुणे उभे होते.

आता हे झालं कसं ते मलाच सांगायला हवं. या घरातली माणसं एकमेकांना काही सरळ सांगतील, या आशेवर राहिलात तर दिवाळी येईल.

चेतनाला पहिली फिट आली ती आठवीत, शाळेच्या प्रार्थनेला. तेव्हा घरानं तिला आधी कांदा हुंगवला, मग चप्पल, मग दुसऱ्या कुणाची तरी जास्त मळकी चप्पल. सगळ्या चपला संपल्यावर डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं गोळी दिली, गोळी सुरू झाली, हळूहळू फिटा थांबल्या. पण श्रेय वाटायची वेळ आली तेव्हा गोळीच्या वाट्याला काही उरलं नाही. बेबीबाईंनी ते दंडातल्या गंड्याला दिलं. बन्सीलालांनी आपल्या नवसाला दिलं. नवनीतला वाटलं, शाळा बदलली म्हणून गुण आला. गोळीची आठवण एकट्या रुपाला, कारण सकाळ-संध्याकाळ ती द्यायची तिनंच.

पुढे लग्नाचं वय झालं तेव्हा नाशिकच्या डॉक्टर मॅडमनी गोळी बदलली. उद्या मूलबाळ व्हायचं, त्या दृष्टीनं जुनी गोळी बरी नाही, असं त्या म्हणाल्या. नवी थोडी थोडी वाढवत नेली, जुनी थोडी थोडी उतरवत नेली, एकदम काहीच तोडलं नाही. चार वर्षं फिट नाही याचा अर्थ गोळी काम करते आहे, गोळीची गरज संपली असा नव्हे, हे त्यांनी नवनीतला समोर बसवून समजावलं. नवनीत कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. मेंदू आणि मज्जासंस्थेचा धडा त्याचा हातखंडा. तो मॅडमसमोर मान डोलवत राहिला आणि घरी येऊन त्यानं सगळ्या गोळ्या कॅल्शियमच्या बाटलीत भरल्या. गोळ्या आणायच्या त्याही नंदुरबारहून. शहाद्यात घेतल्या तर गोळीच्या आधी बातमी घरी पोचेल, असा बन्सीलालांचा हिशेब.

अशात बन्सीलालांच्या बहिणीनं, सरलाबाईनं, तळोद्याचं स्थळ आणलं. सरलाबाई तिथंच दिलेली. मुलगा भाग्येश, एम.टेक., पुण्यात नोकरी, घरी पपईची मोठी बाग. सरलाबाईलाही फिटांबद्दल कुणी चकार शब्द सांगितला नव्हता. पाहणी म्हटलं की लोक विचारतात, जमलं का नाही, म्हणून पाहुण्यांनी सोमवारी कानबाईच्या दर्शनाला यायचं असं ठरलं. दर्शनाला येणाऱ्याला कुणी काही विचारत नाही.

रविवारी कानबाई बसली, म्हणजे नारळाची देवी पाटावर मांडली. मांडणीला चेतनानं बसायचं, म्हणजे ते पाहुण्यांच्या कानावर जाईल, असं बेबीबाईंनी ठरवलं. मांडणीला बसणाऱ्या बाईनं देवी उठेपर्यंत पाण्याशिवाय तोंडात काही घ्यायचं नाही. रुपानं सकाळची गोळी पुढे केली तेव्हा बेबीबाईंनी हात आडवा घातला.

"गोयी काय हवामा जास का? तोंडमाच जास ना. मंग उपास मोडना."

रुपानं समजावून पाहिलं. पण भावकीतल्या बायका ओसरीवर गहू पाखडत होत्या आणि समजावण्याचा आवाज त्यांच्यापर्यंत जाणार होता, म्हणून ती गप्प बसली. संध्याकाळची गोळी निराळ्याच कारणानं चुकली. बाटली ज्या खोलीत, त्याच खोलीत सरलाबाई पिशवी उशाला घेऊन पसरली होती, आणि तिच्यादेखत बाटली उघडणं म्हणजे आकाशवाणीला मुलाखत देणं. मग रात्रभर गाणी, टाळ्या, जागरण. सोमवारी सकाळी पुन्हा तोच उपास. चेतनानं दोनदा गोळी मागितली. तिसऱ्यांदा मागायला तिलाच ओशाळं वाटलं, कारण सगळं घर तिच्याचसाठी तर धावत होतं.

चुकलेल्या गोळ्या, रिकामं पोट आणि डोळ्याला डोळा नाही. फिट यायला आणखी काय हवं? कानबाई डोक्यावर घेऊन बाया निघाल्या, वाजंत्री सुरू झाली, आणि चेतना दोन पावलं चालून खाली कोसळली.

कुणीतरी ओरडलं, देवी उनी. बन्सीलालांनी एकदा तळोद्याच्या गाडीकडे पाहिलं आणि चेतनाच्या पायावर लोटांगण घातलं. पाटलांनी घातलं म्हटल्यावर अख्ख्या गल्लीनं घातलं. कालपरवा हीच पोर नुसती चक्कर येऊन पडली असती तर चपला शोधल्या असत्या. आज कुंकवाचे करंडे उघडले, नारळ आले, कुणी तिच्या दातांत लिंबू धरायला निघालं, कुणी झटके देणारे हात गच्च आवळायला वाकलं.

रुपा गर्दी फाडून आत घुसली. फिट म्हणायची सोय नव्हती. घरात तेवढी हिंमत कुणी शिल्लक ठेवलीच नव्हती. म्हणून त्या बाईनं उभ्या उभ्या एक कुळाचार तयार केला.

"देवीले धरू नका," ती म्हणाली. "आमना घरमा देवीले कुशीवर सुवाडतस. तोंडमा काहीच घालू नका, नही ते कोपी ती."

बायका झटकन मागे सरल्या. रुपानं लेकीला कुशीवर वळवलं, गळ्याजवळची गाठ सैल केली, डोक्याखाली आपला पदर घातला, जळती समई लांब सारायला लावली आणि नवऱ्याच्या मनगटावरचं घड्याळ बघत बसली. नवनीत हात जोडून उभा होता. जोडलेले हात बायकोला घड्याळ दाखवायला बरे पडतात, एवढाच त्याचा उपयोग झाला. फिट ओसरली. चेतनाचा श्वास घरघरत घरघरत पुन्हा सरळ झाला, आणि रुपाच्या डोळ्यांना धार लागली. बायांना वाटलं, भक्ती.

तळोद्याची विहीण घरून यादी पाठ करून आली होती. पोरीची चाल बघायची, रंग बघायचा, बोलण्यात तोतरी नाही ना ते बघायचं. ती सगळी यादी तिथंच गल्लीत गळून पडली. डोक्यावरची कानबाई परत पाटावर आली, बैठकीच्या खोलीत चेतनाला खाटेवर टेकवून बसवलं, तर विहीणच सगळ्यांच्या पुढे. चेतनाचे डोळे जड, मान एकीकडे, अंगाचा चुराडा झालेला, आणि समोर बायांची रांग. कुणाला कापसाचा भाव विचारायचा, कुणाला सुनेची कूस. चेतना म्हणाली, मला झोपू द्या. रांगेतल्या बायांनी आपसांत ठरवलं की देवी थकली आहे, म्हणजे नक्की लांबून आली आहे.

बन्सीलाल मात्र बारा वर्षांनी लहान दिसत होते. विहीण त्यांच्याकडे वळून मनातलं बोलली.

"आमना घरमा ट्रॅक्टर शे, गाडी शे, पपईनी बाग शे. आंगमा येनारी मातर एक बी नही. आते हाई पोर आमनी."

आणि लगेच अटीही घातल्या, कारण देवी झाली तरी सून ती सून. दरसाल कानबाईला तळोद्याच्या घरी देवीनं यायलाच हवं. भावकीतली कुणी आजारी-बिजारी आली तर सुनेनं हात फिरवावा. आणि एक मुख्य, देवीच्या अंगाला सुई-गोळी लागता कामा नये, तिचं पावित्र्य जातं. तिच्या माहेरी एका बाईनं डोकेदुखीवर गोळी घेतली तर पुन्हा देवीनं त्या अंगणात पाऊल टाकलं नाही म्हणे.

"गोयी?" बन्सीलाल म्हणाले. "आमना घरमा कोनले गोयी माहीतच नही."

हे त्यांनी बीपीची गोळी वरच्या खिशात ठेवून सांगितलं.

भाग्येश कोपऱ्यात खुर्चीवर बसून होता. सकाळी खरं काय झालं ते या खोलीत घरच्यांखेरीज फक्त त्याला कळलं होतं. हॉस्टेलवर त्याचा जोडीदार होता इंद्रसिंग, त्यालाही असंच व्हायचं, आणि त्याला कुशीवर वळवायचं भाग्येशनंच शिकून घेतलं होतं. मघाशी गल्लीत रुपानं लेकीला वळवलं तेव्हाच त्यानं ओळखलं. बोलायला त्यानं तोंडही उघडलं. पण समोर आई जमिनीला कपाळ टेकून होती, तिला उठवून खरं सांगायचं म्हणजे तळोद्यापर्यंतचा अख्खा रस्ता ऐकून घ्यावं लागणार. उघडलेलं तोंड त्यानं जांभई देऊन मिटलं आणि मोबाइल बाहेर काढला. शिक्षणानं माणूस शहाणा होतो खरा, पण तो शहाणपणा कधी वापरायचा ते आईला विचारून ठरवतो.

स्वयंपाकघरात रुपाला वेगळीच घाई होती. चेतनाच्या पोटात औषधाचा कण नव्हता आणि पुन्हा फिट यायची भीती तिच्या छातीवर बसली होती. रांगेदेखत गोळी देता येत नव्हती. चेतनाला आत आणावं तर देवीला कुणी उठू देत नव्हतं. शेवटी लेक पुरती शुद्धीवर आलेली, नीट पाणी पिते आहे हे तिनं पाहून घेतलं आणि रोटाच्या पुरणपोळीचा एक तुकडा मोडून त्यात गोळी दाबली.

रोट म्हणजे काय साधीसुधी पोळी नव्हे. घरातल्या एकेका माणसाच्या नावानं मोजून घेतलेला गहू, त्याच पिठाचा स्वयंपाक, आणि तो भावकीच्या बाहेर कुणाच्या तोंडी लागू द्यायचा नाही. लग्न होऊन गेलेली लेक तीसुद्धा बाहेरची. पीठ सांडलं तर ते उचलून ठेवतात, पाहुण्याला वेगळ्या पिठाची पोळी करून वाढतात. बन्सीलालांनी एकदा याच कारणावरून सख्ख्या जावयाला जेवता जेवता उठवलं होतं.

रुपा ताटली घेऊन आली, खाटेपाशी वाकली आणि चेतनाच्या कानात म्हणाली, गोळी आहे, हा घास आधी खा. चेतनानं तुकडा उचलला. तो तोंडापर्यंत जायच्या आत विहिणीनं दोन्ही हातांनी तिचं मनगट धरलं. देवीच्या हातचा प्रसाद आपल्यालाच मिळायला हवा, तिनं हट्ट धरला. रुपानं सांगितलं, रोट आहे, भावकीतच खायचा. सगळ्यांनी बन्सीलालांकडे पाहिलं. इतक्या पिढ्यांचा नियम एका बाजूला आणि पपईची बाग एका बाजूला. त्यांना विचार करायला फार वेळ लागला नाही.

"ईहीनबाई आते परक्या नहीत," ते म्हणाले. "खाऊ द्या."

विहिणीनं डोळे मिटून तुकडा तोंडात घातला, प्रसाद चावू नये म्हणून तसाच गिळला, आणि तिचा चेहरा आंबट-कडू झाला. शेजारणीला ती हळूच म्हणाली, देवी पहिल्यांदा कडूच लागते.

दाराच्या चौकटीत सरलाबाई उभी होती. तिनं ते सगळं पाहिलं. सकाळपासून ती या सोयरिकीची कर्ती-धर्ती म्हणून मिरवत होती, विहिणीच्या चपला उचलून बाजूला ठेवत होती. आता तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. ती तरातरा रुपाच्या मागे स्वयंपाकघरात आली.

"मन्हा बापना घरना रोट," ती म्हणाली, "माले लगीन व्हयनं तवयपाईन चाखाले भेटना नही. आनि हाई बाई आज उनी नि तिना तोंडमा घास गया."

रुपा ओट्याला धरून उभी होती.

"आत्या, त्या घासमा गोयी व्हती."

"कसानी?"

"चेतनानी. फिटनी."

मग रुपानं सगळं सांगितलं, आठवीपासूनचं, एका दमात. इतकी वर्षं दाबून ठेवलेलं असल्यामुळे त्याला फार वेळ लागला नाही. सरलाबाई पाटावर बसली. ती रागावेल, किंचाळेल, असं रुपाला वाटलं होतं. तिनं समोरच्या रोटावर ताट झाकलं.

"रोट बी नही, नि खरं बी नही," ती म्हणाली. "मंग मी या घरनी शे तरी कोन?"

रुपानं सरलाबाईच्या खांद्यावर हात ठेवला, आणि सरलाबाईनं तो काढला नाही. सासर-माहेरच्या राजकारणात आयुष्य काढलेल्या बाईला बाजू बदलायला एवढं पुरलं.

तेवढ्यात बैठकीत गलका झाला. विहीण बसल्या जागी डुलत होती. उपास तिनंही धरला होता, भल्या पहाटे उठून आली होती, आणि सवय नसलेल्या अंगात ती गोळी गेलेली. रांगेतल्या बाया म्हणाल्या, हिच्याही अंगात आली. बन्सीलालांच्या चेहऱ्यावर आनंद मावेना. एकाच घरात, एकाच दिवशी, दोन देव्या. त्यांनी नवनीतला उदबत्ती लावायला सांगितलं आणि नवनीतनं ती लावलीही. भाग्येश मात्र उठून उभा राहिला. आईला बीपी आहे, शुगर आहे, ती अशी कधीच पेंगत नाही, असं तो ज्याला त्याला सांगू लागला.

रुपा आणि सरलाबाई दारात आल्या. बन्सीलालांनी सुनेकडे असं पाहिलं की एरवी ती दोन पावलं मागे गेली असती. तिच्या डोळ्यासमोर दोन्ही गोष्टी होत्या. बोललं तर लेकीचं लग्न मोडतं, नाही बोललं तर एका बाईला काय झालंय ते कुणालाच कळत नाही.

बोलली ती चेतना. सकाळपासून देवी म्हणून बसवलेल्या त्या मुलीनं पहिल्यांदाच स्वतःच्या आवाजात तोंड उघडलं. ती आईला म्हणाली की माझी गोळी मावशींच्या पोटात गेली आहे. मॅडमना फोन लाव आणि स्पीकरवर ठेव.

मॅडमचा आवाज त्या खोलीत फारच स्वच्छ वाटला. त्यांनी आधी विचारलं, बाई हाक मारल्यावर बोलतात का. भाग्येशनं हाक मारली, आई हो म्हणाली, वर त्रास देऊ नको असंही म्हणाली. मग त्यांनी तिच्या बाकीच्या गोळ्या विचारल्या, भाग्येशनं सांगितल्या.

"एका गोळीनं झोप येईल, गरगरेल," मॅडम म्हणाल्या. "त्यांना आडवं करा, एकटं सोडू नका, शुगर तपासून घ्या, उपास सोडायला लावा. हाक मारून उठल्या नाहीत तर मात्र सरळ दवाखान्यात न्या. आणि चेतना कशी आहे? तिनं तिची घेतली का?"

रांगेतल्या बाया एकमेकींकडे बघू लागल्या.

"नवनीतसर, आहात ना तिथे?"

नवनीत होता. उदबत्ती हातात घेऊन होता. कालपासून गोळी चुकली आणि सकाळी फिट आली, हे त्यानं एवढ्या बारीक आवाजात सांगितलं की मॅडमनी त्याला ते दोनदा बोलायला लावलं. दुसऱ्यांदा ते रांगेतल्या शेवटच्या बाईलाही ऐकू गेलं.

"आता एक गोळी द्या," मॅडम म्हणाल्या. "चुकलेल्यांची भरपाई म्हणून दोन-तीन एकदम देऊ नका. तिला जेवू द्या, झोपू द्या. पुन्हा फिट आली आणि पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा एकीवर एक आली, तर मला फोन करत बसू नका, गाडी काढा. यातून जीवही जातो, सर. तुम्ही वर्गात शिकवता हे."

फोन बंद झाला. विहिणीची झोप फिट या एका शब्दानं उडाली होती. ती खाटेचा खूर धरून उठायला लागली, डोळे अर्धे मिटलेले, पण जीभ पूर्ण जागी. आम्हाला फसवलं, आजारी पोर आमच्या गळ्यात बांधत होते, असं ती भावकीसमोर चढ्या आवाजात बोलत सुटली. सरलाबाईच्या सात पिढ्या काढल्या, आणि त्या काढताना सरलाबाईच्या आणि बन्सीलालांच्या पिढ्या एकच आहेत हे तिच्या ध्यानात राहिलं नाही.

चेतनानं तिचं पुरतं ऐकून घेतलं.

"मावशी, सकायमा जे व्हयनं ते हाईच व्हतं," ती म्हणाली. "तवय तुमी मन्हा पाया पडनात."

"तवय ती देवी व्हती."

"तवय बी मीच व्हतू."

मग तिनं कॅल्शियमची बाटली मागितली. सरलाबाईनंच ती आणून दिली, तांब्यासकट. बन्सीलाल अजून शुद्धीवर आले नव्हते. त्यांनी हळू आवाजात नातीला सुचवलं की ते आत जाऊन घे. चेतना म्हणाली, इथंच घेते आबा. तिनं गोळी जिभेवर ठेवली, वर पाणी प्यायली आणि बाटली आपल्या शेजारी खाटेवर ठेवली. बेबीबाई कानबाईच्या पाटाशी उभ्या होत्या. देवीचा नारळ तडकतो की काय म्हणून त्यांनी एकदा तिकडे पाहिलं. नारळाला काही झालं नाही.

भाग्येशनं आईला धरून गाडीत बसवलं. मग काय वाटलं कोण जाणे, चप्पल घालायच्या निमित्तानं तो परत आला आणि चेतनाच्या समोर थांबला.

"मला सकाळीच कळलं होतं," तो म्हणाला. चांगलं काही केल्यासारखा त्याचा चेहरा होता.

"मंग?" चेतना म्हणाली.

गाडीतून आईनं हाक मारली आणि तो गेला.

रांग पांगली, कापसाचा भाव अधांतरी राहिला. कानबाईचं विसर्जन उरलेल्या चार बायांनी कसंबसं उरकलं. चेतना जेवून झोपली. बन्सीलाल घरापुढच्या ओट्यावर येऊन बसले, पण कुणी त्यांच्याकडे फिरकलं नाही. त्यांना राग आला होता, कुणाचा ते मात्र त्यांचं ठरत नव्हतं. आधी त्यांनी तो मॅडमवर काढून पाहिला, मग फोनवर, मग स्पीकर लावणाऱ्या सुनेवर. तेवढ्यात तीच सून चहा घेऊन आली. इतक्या वर्षांत त्या दोघांत चहा ठेवण्या-उचलण्यापलीकडे बोलणं झालेलं नव्हतं. रुपानं कप खाली ठेवला आणि ती गेली नाही.

"आबा, तुमी तिना पायवर डोकं ठेवं ना," ती म्हणाली, "तवय तिनं तोंड मातीमा व्हतं. तिले श्वास लेता येत नव्हता. मी एकलीनी फिरावं तिले."

बन्सीलालांनी मान वर केली नाही. तिथं गल्लीत, कपाळ टेकवलेलं असताना, पोरीची टाच दोन-तीनदा त्यांच्या कपाळावर आपटली होती, आणि ते त्या वेळी गाडीपाशी कोण कोण बघतंय याचा अंदाज घेत होते. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही आणि कधी सांगितलंही नसतं. चहा तसाच निवला. म्हाताऱ्याला रडू आवरेना, तर त्यानं ते खोकल्यावर घातलं, आणि रुपानं तो खोकलाच आहे असं मानून कप उचलला.

संध्याकाळी शेतातून लोक परतू लागले. दिलवरसिंग सरपंच मोटारसायकल थांबवून उतरले. ते दिवसभर शहाद्याला होते, त्यांनी फक्त सकाळची बातमी ऐकली होती. पाटलांच्या घरी देवी प्रगट झाली म्हणतात, दर्शन होईल का, असं त्यांनी हात जोडून विचारलं. त्यांच्या मागे आणखी दोघं-तिघं थांबले. सगळं पुन्हा जिथल्या तिथं बसवायची इतकी सोपी संधी बन्सीलालांना अख्ख्या राजकारणात कधी मिळाली नव्हती. आत रुपाच्या हातातली परात थांबली. बेबीबाईंनी दाराआडून कान दिला.

बन्सीलालांनी आधी आत भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"देवी नही, दिलवरभाऊ, फिट व्हती," ते म्हणाले. "तिले आठवीपाईन येतीस. गोयी लिधी का नही येत. काल आम्ही चुकाडी."

आणि मग सरपंचांकडे पाठ करून, मोटारसायकलीवरच्यांना आणि समोरच्या दोन्ही घरांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी घरात हाक मारली.

"चेतना, संध्याकायनी गोयी लिधी का?"

ती झोपेतून उठून बाटलीचं झाकण उघडत होती.

"लेस, आबा."